वर आलेले मासे

“बघा, पाव्हणं आले म्हणून मासेसुद्धा वर आले!” रंगराव डुबल म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

आई हसली. पप्पाही हसले. मी तळ्याच्या काठाशी उभी होते, आणि मला हसू येत नव्हतं. मासे वर आले होते हे खरं. पण भुकेला मासा वर येतो तेव्हा तो एका जागी राहत नाही. इकडून तिकडे पळतो, दुसऱ्याला ढकलतो, हाताची सावली पडेल तिकडे वळतो. हे मासे जागच्या जागी होते. तोंड पाण्याच्या अगदी वरच्या थराला लावलेलं, शेपटी खाली कललेली, आणि कल्ल्यांची उघडझाप नको इतकी भराभर.

“घ्या, टाका तुम्हीपण.” रंगरावांनी चुरमुऱ्यांची वाटी माझ्यापुढे धरली.

त्यांनी आधी टाकलेले चुरमुरे पाण्यावर तसेच तरंगत होते.

“नको,” मी म्हणाले. “खात नाहीयेत ते.”

“लाजतात! नव्या माणसापुढं लाजायचंच की. तुम्ही नाही का लाजत?”

परत सगळे हसले. रंगरावांच्या मागे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निशांत उभा होता. तो हसत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. आणि तळ्याकडेही बघत नव्हता.

निशांत आणि त्याचे आईवडील तीन आठवड्यांपूर्वी वाईला आमच्या घरी येऊन मला बघून गेले होते. आता आम्ही कराडला त्यांचं घर बघायला आलो होतो. खरं तर घर बघायला मुलीचे आईवडील जातात, मुलगी जात नाही. पण मी हट्टानं आले होते.

त्याचं कारण वाईला, आमच्या मागच्या गॅलरीत घडलं होतं. पोहे झाल्यावर मोठ्या माणसांनी आम्हा दोघांना तिथे बोलायला पाठवलं. मी एम.एस्सी. होऊन एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तोवर मला बघायला आलेल्या प्रत्येक मुलानं मला स्वयंपाक येतो का आणि पुण्यात राहायला आवडेल का हे विचारलं होतं. निशांतनं विचारलं, “तुमचा विषय नेमका काय?”

“गोड्या पाण्यातल्या वनस्पती.”

“म्हणजे हायड्रिला वगैरे?”

मी त्याच्याकडे नीट बघितलं ते तेव्हा. तो इंजिनिअर होता. इंजिनिअरला हायड्रिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

“आमच्या बागेत तळं आहे,” तो म्हणाला. “आबांनी, म्हणजे वडिलांनी, निळ्या फरश्या लावून बांधलं, कारंज्यासाठी. कारंजं कधी चाललंच नाही. दर उन्हाळ्यात पाणी असं हिरवं व्हायचं की तळ दिसायचा नाही. आबा ब्लीचिंग पावडर टाकायचे, मग मासे मरायचे, मग आबा नवे आणायचे. मी म्हटलं, हिरवं होतंय म्हणजे कुणीतरी काहीतरी खातंय. ते खाणं दुसऱ्याला द्यावं.”

“बरोबर.”

“मग कडेनं वेखंड लावलं. उथळ पायरीवर ब्राह्मी. मध्ये कुंडीतून कुमुदिनी ठेवली, तिची पानं पसरली की दुपारी पाण्यावर सावली राहते. आणि तळाशी हायड्रिला.”

“हायड्रिला सगळं व्यापून टाकते. सांभाळायला अवघड.”

“दर महिन्याला उपटतो ना. उपटलेली आंब्याच्या बुंध्याशी टाकतो. माशांची घाण पाण्यात, पाण्यातली हायड्रिलात, हायड्रिलातली आंब्यात.”

“आणि आंबा?”

“आंबा आबा खातात.”

मी इतक्या मोठ्यानं हसले की आतून आईनं खाकरून दाखवलं. मग त्यानं सांगितलं, की वनस्पती लावल्यावर दुसऱ्याच वर्षी माशांची पिल्लं दिसायला लागली, कारण त्यांना लपायला जागा झाली. चतुर यायला लागले. डास कमी झाले. तो पाण्यातला ऑक्सिजन मोजत होता, सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळा. मी विचारलं, सकाळी कमी का येतो? त्यानं बरोबर उत्तर दिलं: अंधारात वनस्पतीसुद्धा ऑक्सिजन वापरतातच. उत्तर देताना माझ्याकडे बघून त्याला कळलं की मी परीक्षा घेतेय, आणि तो लाजला. त्यानंतर ते तीन आठवडे मी कामात लक्ष देऊ शकले नव्हते.

“मुलीनं घर बघायला जायचं नसतं गं,” आई म्हणाली होती. “लोक म्हणतील, हिलाच घाई झालीय.”

“मला घर नाही बघायचं. तळं बघायचंय.”

“तळं बघून कुणी लग्न करतं का?”

मी तर जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

आणि आता ते तळं माझ्यासमोर होतं. निळ्या फरश्या घासून लखलखीत केल्या होत्या. वेखंड नव्हतं, ब्राह्मी नव्हती, तळाशी काहीसुद्धा नव्हतं. मध्यभागी थर्माकोलच्या ताटलीत खोचलेली, बाजारातून आणलेली दोन कमळं तरंगत होती. मे महिन्यातलं साडेअकराचं ऊन थेट पाण्यात उतरत होतं.

“चला, आत बसू,” रंगराव म्हणाले. “ऊन वाढलं.”

दिवाणखान्यात मी मुद्दाम खिडकीशेजारची खुर्ची धरली. तिथून तळ्याचा अर्धा काठ दिसत होता. रंगरावांनी बोअरवेल किती खोल आहे ते सांगितलं. सोलर, जिना, वरचा मजला. “लग्नानंतर वरचा मजला पोरांचा, आम्ही खाली. कसं?” ते साखर कारखान्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले होते, आणि माणसांना कामाला लावायची सवय त्यांच्या आवाजातून गेली नव्हती. पण आवाज प्रेमळ होता. पप्पांना ते आवडले होते, हे मला दिसत होतं. निशांतची आई पन्ह्याचे पेले ठेवून आत गेली. निशांत वडिलांच्या शेजारी बसला होता.

मी पन्हं घेतलं, ठेवलं, परत उचललं. पंख्याचा आवाज डोक्यात बसत होता. मी मान लांब करून बाहेर बघितलं. काठाजवळ आता आणखी तोंडं दिसत होती.

“नीट बस की,” आई ओठ न हलवता म्हणाली.

“आई, मासे गुदमरतायत.”

“बस.”

पप्पा हुंड्याचं नाव न घेता हुंड्याबद्दल काही बोलू बघत होते, आणि रंगराव हात उडवून “छे छे, पोरगी द्या, बस्स” म्हणत होते. हे ऐकायला खरं तर चांगलं वाटायला हवं होतं. मी उठले.

“मला निशांतशी थोडं बोलायचंय. तळ्यापाशी.”

आईनं डोळे मिटून घेतले. निशांतनं वडिलांकडे बघितलं.

“जा की रे,” रंगराव म्हणाले. “दाखव जा तळं. विषयच आहे त्यांचा.”

निशांत उठला.

बाहेर आल्याबरोबर मी विचारलं, “वनस्पती कुठायत?”

“काढल्या.”

“कुणी?”

“मी. परवा.” मग घाईघाईनं, “टाकल्या नाहीत. मागं, मोरीपलीकडं ड्रममध्ये आहेत सगळ्या. पाण्यात, वर ओलं गोणपाट. एक पान वाळू दिलं नाही मी.”

“पण का काढल्या?”

“आबा म्हणाले, पाहुणे म्हणतील घरात डबकं ठेवलंय. डास असतील म्हणतील.”

“डासांच्या अळ्या तर—”

“चतुराच्या अळ्या खातात. मासे खातात. माहितीय मला.” तो थकल्यासारखा हसला. “मला काय सांगताय?”

“आणि इतके मासे? तुम्ही तर थोडेच सांगितले होते.”

“वनस्पती काढल्यावर तळं रिकामं वाटायला लागलं. मग आबांनी कोल्हापूरहून नवे आणले.”

मी तळ्याकडे बघत होते. एक मोठा केशरी मासा बाकीच्यांपासून बाजूला झाला होता. तो सरळ राहायचा प्रयत्न करत होता आणि पुन्हापुन्हा एका कुशीवर कलत होता.

“ऑक्सिजन मोजला?”

“सकाळी.”

“किती आला?”

त्यानं आकडा सांगितला. तो आकडा ऐकून मी पहिल्यांदा घाबरले. सकाळपासून पाणी आणखी तापलं होतं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमीच मावतो. हे त्यालाही माहीत होतं. आम्ही दोघं एकाच पुस्तकातलं शिकलो होतो जणू.

“मग?” मी म्हणाले.

“तुम्ही गेलात की लगेच घालतो परत. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“अर्धा तास आहे यांच्याकडे?”

त्यानं घराकडे बघितलं. खिडकीत रंगरावांची पाठ दिसत होती. “आता सगळा चिखल काढत बसायचं, पाहुण्यांसमोर... आबांना नाही आवडणार.”

“पाहुणी मीच आहे. मला चालेल.”

तो हसला. चांगलं, मनापासूनचं हसू होतं ते, गॅलरीतलंच. पण तो हलला नाही.

“जरा थांबू या,” तो म्हणाला. “जेवणं झाली की तुम्ही निघालच.”

मी थांबले. मला त्याला वेळ द्यायचा होता, हे मला आजही आठवतं. मी मनाशी म्हणत होते, आता म्हणेल, चला. आता बाह्या दुमडेल. आंब्यावर कुठेतरी एक कावळा ओरडत होता. केशरी मासा पूर्ण आडवा झाला, आणि त्याचं पांढरं पोट उन्हात चमकलं.

मी चपला काढल्या, निऱ्या वर खोचल्या आणि पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि पायाला कोमट लागलं.

“अहो, साडी!” निशांत म्हणाला.

“बादली द्या.”

कोपऱ्यात नळाखाली बादली होती. त्यानं ती दिली. मी तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन खांद्यापासून खाली ओतायला लागले, परत परत, जमेल तेवढं उंचावरून. वनस्पती आणल्या तरी त्यांना काम सुरू करायला वेळ लागणार होता. ह्या क्षणाला हवा पाण्यात मिसळायची एकच रीत होती, पाणी फोडायचं. माझा चेहरा, पदर, सगळं भिजलं. चुरमुरे दंडाला चिकटले.

“नळी आहे का बागेची? तोंड अंगठ्यानं दाबून फवारा मारा. आणि ड्रम आणा.”

तो काठावर उभा होता. एक पाय पुढे टाकत होता आणि मागे घेत होता. “हो, आणतो. एक मिनिट. आबांना विचारून...”

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची आई बाहेर आली. तिचे हात कणकेनं भरलेले होते. तिनं माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि मोरीकडे वळली. परत आली तेव्हा ती पाणी गळणारं अख्खं गोणपाट फरफटत आणत होती. आत हिरव्या दोऱ्यांसारख्या गुंत्यात सगळी हायड्रिला होती.

“कुठं टाकू गं? मला नाही त्यातलं कळत.”

“इथे, उन्हातल्या पाण्यात टाका. नुसती सोडा, काकी.”

तेवढ्यात माणसं बाहेर आली. आधी आई.

“अगं बाई! वृषाली! काय हे! निघ आधी बाहेर!” आणि मग रंगरावांकडे वळून, रडकुंडीला येत, “तिला माशांचं फार... म्हणजे ती तशी नाहीये हो...”

रंगराव पायरीवर थांबले. त्यांनी सगळं बघितलं. घासलेल्या फरश्यांवर आता चिखलाचे ओघळ होते. थर्माकोलची कमळं उपडी झाली होती. त्यांची बायको कणकेच्या हातांनी हायड्रिलात बुडाली होती. सगळे रंगरावांच्या तोंडाकडे बघत होते. मीही बघत होते, बादली वर धरलेली तशीच.

मग ते हसले. पोट धरून हसले.

“नलवडे! अहो पोरगी धीट आहे तुमची! साडीसकट उतरली! आम्हाला पसंत, एकदम पसंत!” आणि मुलाकडे वळून, “अरे, बघतोस काय बावळटासारखा? उतर की!”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत निशांत पाण्यात होता. इस्त्रीच्या पँटसकट, बुटांसकट.

आणि मग तो जे काम करायला लागला, ते बघण्यासारखं होतं. कुठल्या कोपऱ्यात पाणी किती खोल आहे ते त्याला न बघता माहीत होतं. कुमुदिनीची कुंडी त्यानं दोन विटांवर अशी ठेवली की पानं बरोबर पाण्याच्या पातळीला आली. वेखंडाचे कंद जिथून काढले होते तिथेच रोवले. हायड्रिलाच्या जुड्या खडा बांधून तळाशी सोडल्या, दाटी न करता. मधेच माझ्याकडे बघून म्हणाला, “ब्राह्मी कडेला, पायरीवर. मुळं वर राहिली तरी चालतं.” मी दिली. नळी रंगरावांनी स्वतः धरली होती आणि ते सगळ्यांवर पाणी उडवत होते. आई काठावरून हसू की रडू अशी बघत होती. मग तिनंही पदर खोचला आणि विटा पुढे केल्या.

नव्या माशांतले निम्मे आम्ही वनस्पतींच्या रिकाम्या झालेल्या ड्रममध्ये हलवले. केशरी माशाला निशांतनं दोन्ही तळहातांत धरून, फवाऱ्याखाली, हळूहळू पुढे चालवलं. बराच वेळ. मग त्या माशानं शेपटी मारली आणि तो हातातून निसटून कुमुदिनीच्या पानाखाली गेला.

“गेला!” निशांत ओरडला. त्याचा चेहरा चिखलानं भरलेला होता आणि तो इतका खूश होता की मला त्याचा हात धरावासा वाटला.

जेवायला बसलो तेव्हा मी निशांतच्या आईची साडी नेसले होते. खिडकीतून बघितलं, पाण्यावर एखाददुसरंच तोंड दिसत होतं. रंगरावांनी फोन करून आपल्या भावाला सगळी हकिकत सांगितली, त्यात ते स्वतः सगळ्यात आधी उतरले होते. श्रावणाआधी साखरपुडा उरकू, असं आमरसाच्या तिसऱ्या वाटीला ठरतही आलं. मी वाढलेलं सगळं जेवले. मला कुणी काही विचारलं नाही.

परतताना उंब्रजच्या आसपास आईनं मागे वळून विचारलं, “मग? त्यांना होकार कळवायचा ना?”

“नाही.”

आई सीटवर पूर्ण वळून बसली.

“म्हणजे?”

“नकार कळवायचा.”

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का? एवढा तमाशा करूनही माणसांनी पसंत केलं तुला! आणि पोरगा किती गोड आहे. माशाला कसं धरलं होतं त्यानं, बघितलंस ना?”

“बघितलं.”

“मग?”

“तो पाण्यात कधी उतरला, तेपण बघितलं.”

“कधी म्हणजे? तू उतरलीस, मागोमाग तो.”

“नाही, आई. मी उतरले तेव्हा तो काठावर होता. त्याच्या आईनं गोणपाट ओढत आणलं तेव्हाही काठावर होता. वडील उतर म्हणाले, तेव्हा उतरला.”

“वडिलांचा शब्द पाळतो हे वाईट?”

“सकाळी ऑक्सिजन मोजला होता त्यानं. मासे मरणार हे त्या घरात फक्त त्यालाच माहीत होतं.”

“इतकं बारीक बघायला लागलं तर कुणाचंच लग्न व्हायचं नाही,” आई म्हणाली आणि पुढे तोंड करून बसली. थोड्या वेळानं, आवाज उतरवून, “तो सुधारेल गं. लग्न झाल्यावर सुधारतात.”

पप्पा आरशातून माझ्याकडे बघत होते. “चार दिवसांनी कळवू,” ते म्हणाले. “लगेच नाही म्हणणं बरं दिसत नाही.”

“चार दिवस तो होकार धरून चालेल. गाडी थांबवा ना, पप्पा. मीच बोलते त्याच्याशी.”

त्यांनी आईकडे बघितलं नाही. एका रसवंतीपुढे गाडी कडेला घेतली.

मी उतरून झाडाखाली गेले आणि फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला. मागे पाण्याचा फवारा ऐकू येत होता.

“वृषाली! मी आत्ताच मोजला. सकाळच्या दुप्पट झालाय. एक मासा वर नाही आता, एकही नाही. केशरी पण फिरतोय. आणि काय झालं माहितीय? वेखंडावर चतुर येऊन बसला. दोन दिवस नव्हता, आज आला!”

ते सगळं मला बघायला आवडलं असतं. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“निशांत,” मी म्हणाले, “माझा नकार आहे.”

फवारा बंद झाला. त्यानं नळ बंद केला असावा.

का, असं तो विचारेल आणि मी सांगेन, असं मी ठरवलं होतं. मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यानं भांडायला हवं होतं. तुम्हाला काय कळतं, एका सकाळवरून माणूस ठरवता का, असं म्हणायला हवं होतं. तसं म्हणाला असता तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मी वाट बघत राहिले.

मग तो बोलला, हळू आवाजात, घरात कुणाला ऐकू जाऊ नये असा.

“आबांना काय सांगू?”